उरलेलं बटण

घाईत शर्ट घालताना पहिलं बटण दुसऱ्या काजात गेलं, तर ते लगेच कळत नाही. दुसरं बटण तिसऱ्या काजात, तिसरं चौथ्यात, असं सगळं व्यवस्थित लागत जातं. एकेक जोडी सुटी पाहिली तर तिच्यात खोट काढायला जागा नसते. चूक कळते ती शेवटी, खाली एक बटण उरतं तेव्हा. मग नजर वर जाते आणि तिथे एक रिकामं काज दिसतं.

आता असा एक मदतनीस कल्पून बघा, जो बटणं लावून देतो आणि उरलेलं बटण गुपचूप कात्रीने कापून टाकतो. शर्ट वाकडाच राहतो, फक्त तो वाकडा आहे हे सांगणारी खूण तेवढी नाहीशी होते. तुमच्यापैकी जे कोड लिहितात, त्यांना हा मदतनीस रोज भेटतो. त्याचं नाव झिप.

फंक्शनची कसली समीक्षा, असं कुणी म्हणेल. पण लायब्ररीतलं प्रत्येक फंक्शन म्हणजे कुणीतरी चर्चा करून, मतं मागवून घेतलेले काही निर्णय असतात. पुस्तक वाचणारा निदान ते वाचून मत बनवतो. लायब्ररीतले निर्णय आपण न वाचताच वापरतो आणि त्यावर आपलं काम उभं करतो. म्हणून त्यांची समीक्षा व्हायला हवी, आणि सगळ्यात साध्या दिसणाऱ्या फंक्शनांची आधी.

झिप करतं काय

दोन याद्या घ्या. एकीत विद्यार्थ्यांची नावं, दुसरीत त्यांचे गुण. झिप पहिल्या नावाला पहिला गुण जोडतं, दुसऱ्याला दुसरा, आणि जोड्यांची एक नवी यादी हातात देतं. याद्या तीन असतील तर त्रिकुटं मिळतात, चार असतील तर चौकडी. नाव आलं ते जॅकेटच्या चेनवरून: दोन बाजूंचे दात एकाआड एक गुंततात आणि एक पट्टी तयार होते.

पायथनमध्ये झिप २००० साली, २.० या आवृत्तीत आलं. हॅस्केलमध्ये ते त्याच्याही आधीपासून होतं. सी प्लस प्लसच्या स्टँडर्ड लायब्ररीत यायला मात्र २०२३ चं स्टँडर्ड उजाडावं लागलं. टिम साँग यांच्या प्रस्तावातून ते आलं. इतका उशीर का झाला, हे समजून घेतलं तर झिपची थोरवीही कळते आणि त्याची उणीवही.

त्यासाठी थोडं मागे जाऊ. जेनेरिक प्रोग्रॅमिंग म्हणजे अल्गोरिदम अशा तऱ्हेने लिहिणं, की डेटा कुठल्या प्रकारचा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसावं. फक्त त्या डेटाकडून त्याला काय हवं आहे, तेवढं त्याने स्पष्ट सांगावं. ही विचारसरणी घडली ती मुख्यतः अमेरिकेत. न्यूयॉर्क राज्यात स्केनेक्टडी नावाचं गाव आहे, तिथल्या जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधन केंद्रात दीपक कपूर, डेव्हिड मुसर आणि अलेक्झांडर स्टेपानोव्ह यांनी १९८१ मध्ये टेक्टॉन नावाच्या भाषेची मांडणी केली. पुढे स्टेपानोव्ह कॅलिफोर्नियात पालो अल्टोच्या ह्युलेट पॅकार्ड लॅबमध्ये गेले. तिथे मेंग ली यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेली स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररी १९९४ मध्ये सी प्लस प्लसच्या स्टँडर्डच्या मसुद्यात स्वीकारली गेली.

स्टेपानोव्ह यांचा आग्रह एकच होता: अल्गोरिदमच्या मुळाशी बीजगणित असतं. बेरीज करताना कंस कुठेही टाकले तरी उत्तर बदलत नाही, म्हणून मोठी बेरीज तुकडे पाडून एकाच वेळी अनेक यंत्रांवर करता येते. हा गुण आकड्यांपुरता नाही. ज्या कुठल्या क्रियेत तो असेल, तिथे तीच युक्ती चालते. म्हणजे कोड कंपाइल झाला एवढं पुरेसं नाही. त्यामागची गृहीतकं कुठली, ती खरी आहेत का, हेही त्या कोडचाच भाग आहे. ही कसोटी लक्षात ठेवा, कारण झिपला हीच लावायची आहे.

आधी कौतुक

२०२३ चं झिप हे कारागिरीच्या दृष्टीने उत्तम काम आहे, हे मोकळेपणाने म्हणायला हवं.

जुन्या लायब्ररीचा एक नियम होता: यादीतल्या घटकाकडे बोट दाखवा म्हटलं, तर तिथे खरोखरचा घटक असला पाहिजे. झिपचं दुखणं असं की त्याच्या यादीतली जोडी मेमरीत कुठेच नसते. नाव एकीकडे आहे, गुण दुसरीकडे. झिप देतं ते दोन्हीकडे बोट दाखवणारं एक तात्पुरतं टपल. जुन्या नियमात हे बसत नव्हतं. नियम सैल झाले ते २०२० च्या स्टँडर्डमध्ये, कॉन्सेप्ट्स आणि रेंजेस आल्यावर. आणि २०२३ मध्ये झिपसाठी टपलच्या व्याख्येतच दुरुस्त्या करण्यात आल्या.

याचं फळ काय? नावांची यादी आणि गुणांची यादी झिप करून तुम्ही थेट सॉर्ट करू शकता. गुणांप्रमाणे क्रम लागतो आणि नावंही त्यांच्यासोबत हलतात, मूळच्या दोन्ही याद्यांमध्ये. मधे कुठेही प्रत काढावी लागत नाही. याद्या कितीही द्या, एकच झिप सगळ्यांना पुरतं. हॅस्केलच्या लायब्ररीत यासाठी दोनपासून सातपर्यंत वेगवेगळी फंक्शनं लिहून ठेवली आहेत. तिथेही एकाच फंक्शनात काम भागतं हे डॅनियल फ्रिडलेंडर आणि मिया इंद्रिका यांनी २००० साली एका छोट्या, देखण्या निबंधात दाखवलं होतं, पण लायब्ररीत ती सात आकड्याची मर्यादा तशीच राहिली.

याच प्रस्तावातून आणखी एक भावंड आलं, अ‍ॅडजेसंट. एकाच यादीतले शेजारी-शेजारी घटक ते जोडतं: पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा. रोजच्या तापमानातला फरक काढायचा असेल तर हेच हवं. नीट पाहिलं तर हे एक घर सरकवून केलेलं झिपच आहे. पण इथे सरकणं ठरवून आहे आणि नावातच सांगितलेलं आहे. सरकण्यात पाप नाही. न सांगता सरकण्यात आहे.

अठरा जिलेब्या आणि वीस पानं

आता मुख्य तक्रारीकडे येऊ. दोन याद्यांची लांबी सारखी नसेल तर?

वीस जणांची पंगत बसली आहे आणि जिलेब्या अठराच आहेत असं समजा. वेगवेगळ्या भाषांनी यावर वेगवेगळे तोडगे काढले आहेत. ओकॅमल सरळ वाढणं थांबवते आणि एरर देते. रूबी पहिल्या यादीचा मान राखते: पानं वीस असतील तर वीस जोड्या होतील, शेवटच्या दोघांच्या पानात ‘काही नाही’ असं लिहून. संशोधकांची लाडकी आर भाषा बेरीज करताना पुन्हा पहिल्या जिलेबीपासून वाढायला लागते. वीसला अठराने भाग जात नाही म्हणून निदान इशारा तरी देते; जिलेब्या दहाच असत्या, तर तेच दहा आकडे दोनदा वापरून गप्प बसली असती.

आणि पायथन, हॅस्केल, सी प्लस प्लस? या तिघी शेवटच्या दोघांची पानं उचलतात आणि पंगत अठराचीच होती असं सांगतात. एरर नाही, इशारा नाही. जुन्या लिस्पपासून चालत आलेली ही रीत आहे: सगळ्यात छोटी यादी संपली की थांबायचं.

सी प्लस प्लसची पूर्वीची अवस्था याहून वाईट होती, हेही सांगायला हवं. १९९८ च्या स्टँडर्डमध्ये दोन याद्यांवर चालणारं ट्रान्सफॉर्म पहिल्या यादीची सुरुवात आणि शेवट मागायचं, दुसरीची मात्र फक्त सुरुवात. दुसरी यादी किमान तेवढी लांब असेल असा विश्वास धरून ते चालायचं. नसली, तर प्रोग्रॅम परक्याच्या मेमरीत घुसायचा आणि पुढे काय होईल याची हमी कुणीच देत नव्हतं. त्या तुलनेत छोट्या यादीपाशी थांबणं हा शहाणपणाच म्हणायचा. पण दरीत पडण्यापेक्षा बरं, म्हणजे बरोबर असं होत नाही.

पायथनवाल्यांना हे उमगलं, पण वीस वर्षांनी. ब्रँट बुचर यांच्या प्रस्तावावरून २०२१ च्या ३.१० आवृत्तीत झिपला स्ट्रिक्ट नावाचा पर्याय मिळाला. तो लावला की लांबी वेगळी निघाल्यावर एरर येतो. त्या प्रस्तावात पायथनच्या स्वतःच्या लायब्ररीतलंच एक उदाहरण दिलेलं आहे, जिथे बिघडलेल्या डेटाचे तुकडे झिपमुळे गुपचूप गळून जात होते. भाषा घडवणाऱ्यांकडूनही जिथे हे निसटतं, तिथे तुमच्याआमच्या रविवारी रात्री लिहिलेल्या स्क्रिप्टचं काय सांगावं? तरीही स्ट्रिक्ट हा पर्यायच राहिला. डिफॉल्ट तेच: कापून टाका.

दोन वर्षांनी सी प्लस प्लसचं झिप आलं, तेव्हा हा अनुभव समोर होता. तिथे स्ट्रिक्टचा पर्यायसुद्धा नाही.

यावर नेहमीचं उत्तर असतं ते अनंत याद्यांचं. शून्य, एक, दोन, तीन अशी न संपणारी यादी एखाद्या खऱ्या यादीशी झिप करून क्रमांक घालणं ही सोय आहे. लांबी सारखीच हवी म्हटलं तर ती जाईल. पायथनपुरता हा युक्तिवाद मान्य करता येईल, कारण तिथे यादी संपणार आहे की नाही हे चालवून पाहिल्याशिवाय कळत नाही. पण सी प्लस प्लसमध्ये न संपणारी अंकमाला आपल्या प्रकारातच सांगते की मी संपणार नाही; तिच्या शेवटाच्या खुणेचं नावच ‘न गाठता येणारी’ असं आहे. म्हणजे कंपायलरला बहुतेक वेळा आधीच कळू शकतं की ही अनंत आहे, तिला सूट द्या. या दोन मर्यादित आहेत, यांची लांबी जुळलीच पाहिजे. ज्या भाषेला हा भेद सगळ्यात सहज करता आला असता, तिनेच तो करायचं टाळलं.

शून्य याद्यांचं कोडं

एक छोटा मुद्दा, पण स्टेपानोव्ह यांच्या कसोटीवर घासून पाहण्यासारखा.

झिपला एकही यादी दिली नाही तर काय मिळावं? व्यवहारात असं कोण करतं, म्हणाल. पण जेनेरिक कोडमध्ये याद्या किती हे दुसरंच कोणी ठरवतं, आणि कधीतरी तो आकडा शून्य असतो. सी प्लस प्लस आणि पायथन, दोघांचंही उत्तर आहे: रिकामी यादी.

बीजगणित वेगळं सांगतं. छोट्यात छोटी लांबी निवडायची हाच नियम असेल, तर ‘काहीच नाही’ची जागा त्या आकड्याने घ्यावी जो निवडीत ढवळाढवळ करत नाही. बेरजेत तो शून्य असतो, गुणाकारात एक. लहानातलं लहान शोधताना तो असतो अनंत. म्हणजे शून्य याद्यांचं झिप हे रिकाम्या टपलांची न संपणारी यादी असायला हवं. हॅस्केलमध्ये झिपसारखं वागणाऱ्या याद्यांचा जो प्रकार आहे, त्याने नेमकं हेच केलं आहे.

गंमत पुढेच आहे. सी प्लस प्लसच्या याच २०२३ च्या स्टँडर्डमध्ये कार्टेशियन प्रॉडक्ट आलं, प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावणारं. त्याला शून्य याद्या दिल्या तर उत्तर रिकामं येत नाही. एक रिकामं टपल असलेली यादी येते. गुणाकाराच्या नियमाने ते अगदी बरोबर आहे. एकाच घरातल्या दोन भावंडांपैकी एकाने बीजगणित पाळलं, दुसऱ्याने सोय पाहिली. सोय पाहणं हा गुन्हा नाही, पण अनंत याद्यांचं नाव घेऊन कापाकापी समर्थनीय ठरवायची आणि जिथे गणित अनंत मागतं तिथे रिकामं ताट द्यायचं, हे काही पटत नाही.

तिसरी गोष्ट रोज लूप लिहिणाऱ्यांसाठी. झिपच्या जोडीला तुम्ही कॉन्स्ट म्हणून हातात घेतलं, तरी तिच्या आतला गुण बदलता येतो, आणि तो मूळ यादीत बदलतो. कुलूप टपलला लागतं, टपल ज्याच्याकडे बोट दाखवतं त्याला नाही. नियमाप्रमाणे ते बरोबर आहे. पण कॉन्स्ट हा शब्द पाहून निर्धास्त होणाऱ्या वाचकाला यातून चुकीचाच निरोप जातो.

न लिहिलेलं वचन

इथवरच्या तक्रारी दुरुस्त होण्यासारख्या आहेत. खरा प्रश्न यापुढचा आहे, आणि तो स्ट्रिक्ट लावूनही सुटत नाही.

झिप जोडतं ते जागेवरून. तिसऱ्याला तिसरा. पण तुम्हाला हवं असतं ते वेगळंच: या विद्यार्थ्याला याचाच गुण. जागा आणि ओळख या दोन गोष्टी एकच आहेत, दोन्ही याद्यांचा क्रम एकाच पद्धतीने लागलेला आहे, हे वचन झिप लिहिताना तुम्ही देता. ते कुठेच लिहिलेलं नसतं. कंपायलरला ते माहीत नसतं आणि सहा महिन्यांनी तुमचा कोड उघडणाऱ्या सहकाऱ्यालाही नसतं.

हे वचन मोडलं की काय होतं, याचं एक उदाहरण अमेरिकेतल्या संशोधनविश्वात सगळ्यांनी वाचायला हवं. २००६ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या एका गटाने नेचर मेडिसिनमध्ये निबंध प्रसिद्ध केला: गाठीतल्या जनुकांच्या हालचालीवरून कुठल्या रुग्णाला कुठलं केमोथेरपीचं औषध लागू पडेल, हे सांगता येतं. त्या आधारावर रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधले कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स हे दोन संख्याशास्त्रज्ञ ते निष्कर्ष पुन्हा काढून पाहायला बसले, आणि ते काही निघेनात. २००९ मध्ये त्यांनी आपला शोध छापला. सापडलेल्या चुकांपैकी एक अशी: जनुकांच्या याद्या एका ओळीने सरकलेल्या होत्या. निबंधात महत्त्वाची म्हणून दिलेली जनुकं ही खऱ्या जनुकांची शेजारी होती. काही औषधांच्या बाबतीत तर ‘लागू पडतं’ आणि ‘पडत नाही’ या खुणाच उलट लागल्या होत्या.

चाचण्या २०१० मध्ये बंद झाल्या, निबंध २०११ मध्ये मागे घेण्यात आला. पुढे २०१५ मध्ये केंद्र सरकारच्या चौकशीत डेटात खोटेपणा केल्याचा ठपकाही ठेवला गेला, त्यामुळे सगळा दोष सरकलेल्या ओळीच्या माथी मारता येणार नाही. पण बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी जे अधोरेखित केलं ते याहून व्यापक होतं: सगळ्यात जास्त आढळणाऱ्या चुका अगदी साध्या असतात, आणि कागदपत्रं नीट नसली की त्या साध्या चुकाच दिसेनाशा होतात.

सरकलेली यादी तपासायला स्ट्रिक्ट पुरत नाही. शर्टाला बटणं सहा आणि काजं सहा, दोन्ही सारखी असूनही तो वाकडा लागू शकतो. मग लांबीचा एवढा आग्रह कशासाठी? यासाठी की यादी सरकते तेव्हा पुष्कळदा कुठेतरी एक ओळ गळलेली किंवा वाढलेली असते. मथळ्याची ओळ चुकून डेटात आली, एक रिकामी ओळ कुणी पुसली. अशा वेळी एक घटक उरतो. हजारो चुकीच्या जोड्यांमध्ये तो एकच साक्षीदार असतो, आणि झिपचं डिफॉल्ट नेमकं त्यालाच गप्प करतं. आपण समजतो की शेवटचा एक घटक गेला, एकाने काय बिघडतं. बिघडलेलं असतं ते त्याच्या आधीचं सगळं.

हे मराठीच्या दारातलंही दुखणं आहे. भाषांतर करणाऱ्या यंत्रांना शिकवायला जे जोडसंच लागतात, त्यांची एक नेहमीची मांडणी म्हणजे दोन फायली: एकीत इंग्रजी वाक्यं, दुसरीत मराठी, ओळीला ओळ. जोडणारं काय, तर फक्त ओळीचा क्रमांक. कुणी मराठी फाइल साफ करताना एक रिकामी ओळ उडवली आणि इंग्रजीकडे ती तशीच राहिली, की तिथून पुढे प्रत्येक मराठी वाक्याला आधीच्या शेजाऱ्याचं इंग्रजी मिळतं. इंग्रजी-फ्रेंचसारख्या जोडीकडे अशा चुका पचवण्याइतकं साहित्य पडून आहे. मराठीकडे तेवढं नाही. आपल्याकडचं थोडं असलेलं असं वाया गेलं, तर ते कळायलाही उरलेली एक ओळच कामी येते.

पंचांगवाले काय करतात

मग क्रमांकावर विसंबायचं नाही, तर कशावर? उत्तर आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेलं असतं.

पंचांग म्हणजे पाच अंगं: तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. पाच वेगवेगळ्या गतीने चालणारे क्रम, रोजच्या एका ओळीत मांडलेले. वरवर पाहिलं तर हे झिपच. पण तिथ्या आणि दिवस एकेक करून जोडत गेलं, तर महिन्याभरातच गाडी रुळावरून उतरेल. चांद्रमासात तिथ्या तीस आणि दिवस सुमारे साडेएकोणतीस. शिवाय प्रत्येक तिथीची लांबी वेगळी, साधारण १९ ते २६ तासांच्या दरम्यान.

म्हणून पंचांगकर्ते मोजत बसत नाहीत. त्यांनी एक किल्ली ठरवली आहे: सूर्योदयाला जी तिथी असेल, ती त्या दिवसाची. एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मधेच सुरू होऊन संपली तर ती क्षयतिथी. एखादीने दोन सूर्योदय पाहिले तर ती वृद्धितिथी. म्हणजे गळलेल्यालाही नाव आहे, वाढलेल्यालाही. बारा चांद्रमास सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी कमी भरतात, तर तो हिशेबही कापून टाकलेला नाही. साधारण ३२-३३ महिन्यांनी उघडपणे अधिकमास घातला जातो.

किल्लीसुद्धा कामाप्रमाणे बदलते. गणेश चतुर्थीला मध्यान्हीची तिथी पाहतात, संकष्टीला चंद्रोदयाची. आणि ती किल्ली जागेला बांधलेली असते. म्हणूनच मुंबईचं कॅलेंडर बघून न्यू जर्सीत किंवा बे एरियात उपास धरणाऱ्याची तिथी कधीकधी एका दिवसाने चुकते. मुंबईचा चंद्रोदय घेऊन त्याला एडिसनची तारीख चिकटवणं, हे झिप झालं. एडिसनच्या चंद्रोदयाला तिथे कुठली तिथी आहे हे बघणं, ही ओळखीवरून केलेली जोडणी झाली.

प्रोग्रॅमिंगमध्येही ही दुसरी वाट आहे. पायथनच्या पँडाज लायब्ररीत दोन मालिकांची बेरीज करा. ती जागा पाहत नाही, प्रत्येक घटकाला लावलेली चिठ्ठी पाहते. ज्याला जोडीदार नाही तिथे ‘नाही’ असं उघड लिहिते. डेटाबेसमधला जॉईनही जागेवरून नाही, ओळखीवरूनच जोडतो. याला वेळ जास्त लागतो, मेमरी जास्त लागते, आणि दर वेळी हा खर्च परवडतो असं नाही. पिक्सेलच्या याद्या, ध्वनीचे नमुने, ग्रिडवरचे आकडे, यांना जागा हीच ओळख असते. तिथे झिपच योग्य आहे आणि त्याचा वेग ही चैन नव्हे, गरज आहे.

निकाल

तर समीक्षकाचं मत असं. २०२३ चं झिप यंत्रकामात अव्वल आणि अर्थाच्या बाबतीत मुकं आहे. जेनेरिक प्रोग्रॅमिंगने शिकवलं होतं की गृहीतकं कोडमध्ये बोलून दाखवा. झिपमागे दोन गृहीतकं आहेत: लांबी सारखी आहे आणि क्रम एकच आहे. पहिलं यंत्राला तपासता येतं, तरी तपासलं जात नाही. दुसरं यंत्राला तपासता येत नाही, म्हणून ते माणसाने सांगायला हवं, आणि झिपमध्ये ते सांगायला जागाच ठेवलेली नाही.

स्टँडर्ड बदलायला वर्षं जातात. तोवर आपल्या हातात जे आहे ते असं: पायथनमध्ये स्ट्रिक्ट लावायची सवय करा, आणि जिथे लावत नाही तिथे का लावत नाही ते एका ओळीत लिहा. सी प्लस प्लसमध्ये झिपच्या आधी लांबी तपासणारी एक ओळ घाला. आणि मुख्य म्हणजे, जे एकत्र जन्मलं ते वेगळं करू नका. नाव आणि गुण एकाच ओळीत आले असतील, तर दोन याद्या करून पुढे दहा फंक्शनांतून फिरवून शेवटी झिप करण्यापेक्षा त्यांना पहिल्यापासून एकाच नोंदीत ठेवा. जोडी न तोडणं हे जोडी जुळवण्यापेक्षा केव्हाही सोपं असतं.

आणि कधी शेवटी एखादा घटक उरलाच, तर त्याला कचरा समजू नका. तो तुम्हाला वरच्या रिकाम्या काजाबद्दल सांगायला थांबलेला असतो.